जवळची खूण

हे घरी आले की मी आधी पाणी ऐकते.
मोरीतला नळ थोडाच वेळ चालला
तर बाळंतीण असते, वेळेत पोचलेली.
टाकी रिकामी होईस्तोवर चालला
तर आष्ट्याचा रस्ता, रात्र, उसाची ट्रॉली
आणि मागून आलेली मोटरसायकल.
मी विचारत नाही.
मोटर चालू करते.

आमचं घर दिवस मावळल्यावर जेवत नाही.
सासूबाईंनी जन्मभर उजेडातच ताट पुसलं.
त्यांचा लेक मात्र रात्री दोनला
गॅसपाशी उभ्यानं गार भाकरी खातो,
आणि त्या कूससुद्धा बदलत नाहीत,
जागी आहे हे कळू नये म्हणून.

कुकर माळ्यावर टाकला.
शिट्टी झाली की यांचा हात किल्ली शोधायचा.
आता डाळ पातेल्यात शिजते. वेळ लागतो, लागू दे.
सन्मतीनं एकदा तोंडानं सायरन वाजवत
अंगणभर खुर्ची ढकलली. लेकरूच ते.
हे रागावले नाहीत.
उठून त्याच्या वाटेतली बादली
बाजूला केली.

सुट्टीला लोक झोपा काढतात.
हे कारखान्याच्या रस्त्याला उभे राहून
ट्रॉल्यांच्या पाठीला लाल चकाकत्या पट्ट्या लावतात,
पदरच्या पैशाच्या.
ट्रॅक्टरवाले हसतात, "भूपालअण्णा, सरकारनं नेमलंय काय?"
एका रात्री खिशात राहिलेला तुकडा
खुंटीवरच्या शर्टातून चमकत होता,
समोरच्या घराचा दिवा लागला की.
मी उठून शर्ट उलटा टांगला.

पौषातला मंगळवार. सासूबाई न्हाणीच्या दारात कोसळल्या.
तोंड एका बाजूला, डावा हात परक्याचा.
मी एकशे आठ लावला.
यांचा नंबर नाही लावला,
का, ते अजून कळत नाही.
पलीकडची पोरगी शांत होती.
"पूर्ण पत्ता सांगा, ताई. जवळची खूण सांगा."
बस्ती म्हणाले, चक्की म्हणाले, दूध डेअरी म्हणाले,
मग नुसतं दुधगाव, दुधगाव.
चौदा वर्षं ज्या उंबऱ्यात वावरले
त्याची खूण मला सांगता येईना.

गाडी यांचीच आली.
पत्ता वाटेत कळलाच असणार. सतरा मिनिटांचा रस्ता.
त्या सतरा मिनिटांबद्दल
यांनी आजवर अवाक्षर काढलेलं नाही.
उतरले ते स्ट्रेचर ओढतच.
"ताई, बाजूला व्हा," मला म्हणाले.
"पेशंटचं वय?"
मी म्हणाले, चौऱ्याहत्तर.
"चौऱ्याहत्तर," यांनी डॉक्टरीणबाईंना ओरडून सांगितलं,
आत्ताच समजल्यासारखं.

लग्नानंतर पहिल्यांदा मी नावानं हाक मारली.
भूपाल.
तोवर मागचं दार लागलं होतं.

वाचल्या. डावा हात उजव्यानं उचलून
मांडीवर ठेवतात, झोपलेलं पोर ठेवावं तसा.
लांबून सायरन आला की विचारतात,
"आपला काय गं?"
आपला म्हणजे कोण, ते मी विचारत नाही.
आणि रात्री दोनला आता त्या उठतात,
भिंत धरत येतात, पाटावर बसतात,
पाण्याचा घोटही न घेता
लेकाची भाकरी संपेस्तोवर.
दोघं बोलत नाहीत.

परवा यांनी अंधारात विचारलं,
"त्या दिवशी मी तुला काय म्हणालो?"
काही नाही, मी म्हणाले. घाईत होतात.

सोप्यातला दिवा मी रात्रभर ठेवते.
लाइट गेली की मात्र
हे दोन घरं पुढं जातात,
पाटलांच्या कट्ट्याशी जरा थांबतात,
आणि मग परत येतात.