पाव आटा

अक्कलकोट रोडचा कारखाना बंद झाला
तेव्हा नाना घरी घेऊन आले
दोन पाने, ग्रीसचा डबा
आणि मागावरच्या पट्ट्याचा वीतभर तुकडा:
म्हशीचं कातडं, वर्षानुवर्षं धोटा फेकून काळं पडलेलं.
"याचं काय करणार?" आई म्हणाली.
"बघू."

आईला कमी दिसायला लागलं होतं.
हजारामागे चाळीस-पन्नास विड्या छाट निघायच्या.
कारकून बाजूला सारायचा, बोलायचा नाही.

म्हणून नानांनी दिव्याला हात केला.
मोडक्या कॉटच्या दोन पट्ट्या,
खांद्याला एक बोल्ट, कोपराला एक.
पहिल्या रात्री दिवा हळूहळू खाली आला
आणि तंबाखूत नाक घालून झोपला.
नट आवळला,
तर हलेचना. आईनं दोन्ही हातांनी ओढला,
भिंतीतली खुंटीच हातात आली.

तीन दिवस येमूल जॉबर बोल्टाशीच बोलत होते.
साडेआठाच्या भोकात आठचा बोल्ट.
इथला केसभर खेळ
तिथं, बल्बापाशी, चार बोटं होतो.
पावडरच्या डब्याचा पत्रा कापून
त्याची सुरळी भोकात बसवली.
पट्ट्यातून रुपयाएवढ्या चकत्या काढल्या,
लोखंड आणि लोखंडाच्या मधोमध कातडं.
वर नटावर नट.
"एकटा नट हलवाहलवीत सुटतो."

आईनं एका बोटानं दिवा ढकलला.
सोडला तिथं थांबला.
ती काही म्हणाली नाही, कात्री उचलून पानं कापायला लागली.

मे महिन्यात, सोलापूरच्या त्या उन्हात,
कातडं वाळलं, कोपर कुरकुरायला लागलं.
मी शहाणी, एरंडेलाचे दोन थेंब सोडले.
रात्री दिवा थेट सुपात.
नाना रागावले नाहीत. चकत्या काढल्या,
चुलीतल्या राखेनं पुसल्या, उजेडात धरून बघितल्या.
"इथं घासायलाच पाहिजे गं."

आता त्यांचा स्वतःचा उजवा खांदा
कानाच्या वर जात नाही.
रविवारी पाना माझ्या हातात.
ते कॉटवर डोळे मिटून ऐकतात.
"कोंचेम," म्हणतात. पाव आटा.
मी अर्धा फिरवते.
"मागं घे."
घेते.
"अजून थोडं. हां."

आणि खालून आई, मान वर न करता:
"झालं का तुमचं?
उजेड द्या इकडं."