झटपट नको

चाळिसावा दिवस उलटला आणि नाझिब्रोला आली,
काळ्या कोटाशी संगणकाचा डबा कवटाळून,
बाजारातून पाय बांधलेली कोंबडी आणावी तशी.
"पुसून दे," म्हणाली. "शेजारच्या लेवानला द्यायचाय,
पोराला शाळेसाठी. गुरामचं काही राहायला नको त्यात."

कुताइसीत माझं दुकान जिन्याखाली आहे.
रिओनी फुगली की भिंतीला ओल चढते,
म्हणून सगळ्यांच्या वस्तू मी कमरेच्या वर ठेवते.

कॉपी काढलीय का, विचारलं.
"कशाची?"
पुन्हा विचारलं.
तिसऱ्यांदा विचारलं की गिऱ्हाइकं चिडतात.
चिडू देत.
धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका फोटोवाल्याची
भलतीच डिस्क पुसली होती मी,
डी ऐवजी ई, एका अक्षराचा फरक,
आणि बाघदातीच्या एका नवरीचं अख्खं लग्न गेलं.
अजून भेटते रस्त्यात. मान वळवते.
तेव्हापासून पुसायची ती एकच डिस्क जोडलेली राहते,
बाकीच्यांच्या वायरी उपसून मी एप्रनच्या खिशात घालते.
खिशाला वजन असलं की हात चुकत नाही.

कॉपी काढली.
पण कॉपी झाली म्हणजे उघडते असं नव्हे.
उघडून बघावी लागते एखादी तरी,
आणि हीच या कामातली वाईट गोष्ट,
कारण लोकांचं वाचायचं नाही हा माझा नियम आहे.
डोळे मिटून एका फाइलवर बोट ठेवलं.

वहीच्या पानाचा फोटो. गोल, मास्तरी अक्षर:
जेमाल. चार हजार लारी.
आले नाहीत.
मागणार नाही.

जेमाल तिचा धाकटा भाऊ.
चष्मा न लावता वाचलं तिनं, स्क्रीनला नाक टेकवून.
"मला सांगितलं होतं, पै न् पै फेडली म्हणून.
मी त्या ईस्टरला जेमालला दोनदा वाढलं."
मग बराच वेळ
फक्त पंख्याची घरघर.

"ही पण आली का कॉपीत?"
आली.
"काढ तिथून."
नक्की?
"तू तीनदा विचारतेस ना? विचार."
विचारलं. तीनदा. काढली.

फॉरमॅटला झटपट असा एक पर्याय असतो,
चार सेकंदांचा, सगळ्यांचा लाडका.
तो नुसती अनुक्रमणिका फाडतो.
प्रकरणं तिथंच असतात, आपापल्या पानावर,
कुणी खटपट्या येईपर्यंत गप्प.
हे तिला सांगितलं.
"लेवान खटपट्या आहे," ती म्हणाली,
आणि स्टूल ओढून बसली.

म्हणून सगळा. पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत
शून्य, शून्य, शून्य,
पेरणी करावी तशी, एकही सरी न सोडता.
पाच तास.
मध्ये एकदा दिवे गेले. बॅटरी किंचाळली.
दोघींनी एकदम डब्यावर हात ठेवला,
जसं काही आमच्या हातांनी वीज आली असती.
आली. एकसष्ट टक्के.
तिनं पिशवीतून अक्रोडाची चुर्चखेला काढली,
अर्धी मोडून मला दिली,
आणि गुरामला दातांमुळे ती चावता यायची नाही,
तरी तो सबंध हिवाळा चोखत बसायचा, हे सांगितलं.
हे कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं.

संध्याकाळी डबा उचलून तिनं कपाळाला आठी घातली.
"हलका नाही झाला."
होत नसतो, म्हटलं.
तिला वाटलं मी फसवतेय.
कॉपीची छोटी डिस्क तिनं रुमालात बांधली,
जुन्या चाव्यांसारखी.

वीस लारी झाले होते.
उद्या दिलेस तरी चालेल, मी म्हणाले, सवयीनं.
तिनं तिथंच, दारात, अंधारात,
नोटा चाचपून मोजल्या, मग नाणी,
मग पुन्हा नोटा.
"नाही," म्हणाली. "लिहून ठेवशील."