पाच टक्के

सोहारच्या बंदरामागे आमची पत्र्याची शेड.
दर मंगळवारी शंबे पिकअप घेऊन येतो
(शनिवारी जन्मला म्हणून शंबे),
मागे फाटक्या जाळ्यांचा ढीग,
शिंपल्यांसकट, एखाद्या वाळक्या खेकड्यासकट.
जाळं नायलॉनचं, दोर पॉलिप्रॉपिलीनचा.
जाळं बुडतं, दोर तरंगतो,
म्हणून तर त्यांना एकमेकांशी बांधतात.

मी कापतो, धुतो, वाळवतो.
नायलॉन ऐंशी अंशांवर रात्रभर,
कारण ऑगस्टात इथली हवा पिळून काढता येते
आणि नायलॉन गुपचूप पाणी पितं,
यंत्रात गेल्यावर मग फसफसतं.
दोनशे चाळीसला दोघंही वितळतात,
एकाच स्क्रूवर फिरतात, एकाच भोकातून बाहेर येतात.
लांबून कुणालाही वाटावं, झालं एक.

नाही झालं.
रोडेलने पट्टी शिकंज्यात आवळली,
लोलक सोडला —
टक्.
शिळं बिस्किट मोडावं तसा आवाज.
भिंगाखाली तुटकी बाजू पाहिली:
दोराच्या पोटात जाळ्याचे गोल गोल थेंब,
आणि जिथून थेंब निसटले तिथे खळगे,
आतून गुळगुळीत,
जसं तिथे कधी कुणी राहिलंच नव्हतं.

शंबेने मोडक्या हिंदीत विचारलं,
"बारा वर्षं एका होडीत होते हे दोघं,
एका गाठीत. आता का पटत नाही?"
मी म्हणालो, गाठ बाहेरून होती.
म्हणालो, आणि उगाच ओशाळलो.
दाभोळला सुगंधाला फोन लावतो तेव्हा
पैसे पोचले का, विहिरीचा पंप कसा आहे,
ठेवू मग?

नंतर ती पोती आली, कोरियाहून बहुतेक.
पिवळसर दाणे, उघडताच डोळे चुरचुरतात.
तेही मुळात दोराच्याच जातीचे,
फक्त अंगावर मधून मधून एकेक आकडा लावलेला,
जो नायलॉनच्या टोकाला अडकतो तो सुटत नाही.
शंभरात पाच.
(आठ घातले तेव्हा सगळं लिबलिबीत झालं.
तेही वहीत आहे.)

दोघं विरघळले नाहीत, हे आधी नीट समजून घ्या.
साहेबांना समजत नाही, ते अहवालात 'एकजीव' लिहितात.
मी दोनदा खोडलं.
थेंब थेंबच राहिले, फक्त बारीक झाले,
मोहरीएवढे होते ते खसखशीएवढे,
आणि प्रत्येकाच्या कडेवर कुणीतरी येऊन बसलं,
एक पाय इकडे, एक तिकडे.

शंबेला मराठी येत नाही, मला बलुची.
पण बंदराला तो बंदर म्हणतो.
तो लंगर म्हणतो, आमच्याकडे नांगर.
शंभर शब्दांत पाच निघतील. मोजले नाहीत.

पुन्हा लोलक. रोडेल डोळे मिटतो, त्याची सवय.
आवाज आला, पण धप्प,
ओल्या वाळूत पाय पडावा तसा.
पट्टी वाकली, खाचेपाशी पांढरी पडली,
निम्मी फाटली, उरलेली
तंतू ताणून तशीच धरून राहिली.
मी आकडा लिहिला. पहिल्याच्या चौपट.
रोडेलने पुन्हा लाव म्हटलं, पुन्हा लावली.
आणखी नऊ वेळा.

शंबेने एक लांब, कोरी पट्टी मागून घेतली.
शेडच्या दाराशी, सावलीच्या चिंचोळ्या तुकड्यात बसला,
खिशातल्या सुरीने एका बाजूला टोक काढलं,
मधे जीभ कोरली, मागे खाच पाडली.
जाळं विणायची सुई.
दोनदा वाकवून पाहिली, कानाशी धरून.
मग म्हणाला, निघतो,
एका जाळ्याला भोक पडलंय.