सतरा नंबर

ॲबर्डीनला पहाटे चारच्या सुमारास
समुद्रावरून धुकं चढतं, दगडी घरं पुसून टाकतं,
आणि मी तळघरात उंदरांची वजनं घेते.
साठ उंदीर. सगळ्यांना त्याच निळ्या गोळ्या,
बोटांना तुपकट लागणाऱ्या.
तिसांच्या पाण्यात अर्क. तिसांना नुसतं पाणी.

पिंपावरच्या चिठ्ठीत लिहिलंय :
फळाची साल, सुकवलेली. मूळ देश भारत.
झाकण उघडलं, तेव्हा
जिभेच्या कडांना आधी कळलं, मला मागाहून.
आमसूल!
कुडाळची शेवंतीमावशी रातांबे फोडायची,
सालींना आगळाचं पुट, मग ऊन,
पुन्हा पुट, पुन्हा ऊन,
बोटं पार आषाढापर्यंत जांभळी.
तिनं कुणाला बारीक केलं नाही.
अंगावर पित्त उठलं की भिजवून चोळायची,
एवढंच.

डॉक्टर फार्कर म्हणतात, आहारजन्य स्थूलता.
म्हणजे आहार ही आई,
आणि ताट कुणी वाढलं
ते त्या शब्दात कुठेच येत नाही.
उंदीर काही दुकानात गेले नव्हते.

आयली रात्रपाळीला येताना रोव्या आणते,
इथला पाव, चपटा, खारट, चरबीनं जड.
दर्यावर आठवडा आठवडा टिकावा
म्हणून कोळ्यांसाठी केलेला, असं ती सांगते.
बोटी गेल्या. पाव राहिला.
तिची आई सातव्या मजल्यावर,
लिफ्ट बंद, गुडघे बंद.
"तिच्यासाठी चमचाभर नेऊ का गं?"
मी म्हटलं, उंदरांवर थोडं चालतं, कधीकधी.
माणसांचं अजून कुणाला ठाऊक नाही.
"थोडं, कधीकधी," ती हसली,
"आईला याहून जास्त कुणी देऊ केलेलं नाही."
मी पिंपाचं झाकण घट्ट लावलं.

सतरा नंबर नुसत्या पाण्यातला.
एक्कावन्न ग्रॅम. तराजूवर ठेवला
की उतरायची घाई करत नाही,
जणू आपलं काय ते एकदाचं नीट लिहून घ्या.

शेवटच्या आठवड्यात एकदा
डब्यातलं सार पिऊन मी तशीच आत गेले.
हातमोजा का काढला, विचारू नका.
त्यानं बोट हुंगलं. चाटलं.
थांबला. पुन्हा चाटलं.

नोंदवहीत मी लिहिलं :
सतरा – दूषित. वगळावा.

एकोणसाठ उंदरांचा हिशेब लागला.
अर्कवाले सरासरी दोन ग्रॅमनं हलके.
निबंध लिहिता येईल इतके.
सातव्या मजल्यावरून कुणी
खाली उतरेल, इतके नाहीत.

आयलीनं अर्धी रोवी पुढे केली.
मी खाल्ली. गरम होती, वर लोणी होतं.
मग हात धुतले, मोजे चढवले.
सतराचं वजन त्या दिवशी कुणी मागितलं नव्हतं.
मी घेतलं.
एक्कावन्न.