पाण्याहून स्वस्त

इझमीरच्या बायराकलीत गुरुवारी बाजार भरतो
आणि गुरुवारी सेनिहाबाईंच्या बोटांना शाई लागते.
बाई शाळेतून निवृत्त झाल्या, अक्षर झालं नाही.
मी केळ्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून देतो,
त्या जाड पेनानं भावाच्या पाट्या लिहितात.
मोबदला, दोन मुठी सूर्यफुलाच्या बिया,
किंवा ज्याच्या मनाला येईल ते.

आकडा लिहिणं सोपं.
आकड्यावरचा शब्द जो तो आपापला घेऊन येतो.

ऑलिव्हवाला जेमालेत्तिन म्हणतो, स्वस्त नको,
स्वस्त म्हटलं की लोक आधी कीड शोधतात.
"माफक लिहा. माफक म्हणजे कसं,
घरंदाज माणूस हळू बोलतोय असं वाटतं."
चीजवाल्या राझियेला हवं किफायतशीर,
तिच्या गिऱ्हाइकांना हिशेब आवडतो,
घरी जाऊन नवऱ्याला सांगता येतो.
डाळिंबांवर कुणी परवडेल असं लिहा म्हणालं,
तर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, "कुणाला?"

त्यांचा स्वतःचा शब्द रास्त.
स्वस्त गिऱ्हाइकाच्या बाजूनं उभा असतो,
महाग दुकानदाराच्या.
रास्त मधोमध, म्हणून दोघांच्याही शिव्या खातो.
इतक्या वर्षांत तो एकदाही कुणी मागितला नाही.

एकदा एक बाई नवऱ्याची हत्यारं घेऊन आली,
रंधा, पटाशी, दात पडलेली करवत.
कोणता शब्द, विचारलं, तर म्हणाली, काहीही.
बाईंनी पेन उघडलं, पुन्हा झाकण लावलं.
मला नंतर म्हणाल्या, कवडीमोल
विकणाऱ्यानं लिहायचा नसतो कधी.
घेणारा तो मनात घेऊनच येतो.

मोजेवाल्या रिफ्कीचं मात्र एकच :
पाण्याहून स्वस्त! लाल शाईनं,
आणि उद्गारचिन्हं तीन.
"दोनच देईन," बाई म्हणायच्या,
"तिसऱ्याला तुझा मोजा उसवतो."

मग ऑक्टोबरातली एक दुपार.
आधी डाळिंबं हलली, मग टेबलं,
मग ज्यावर टेबलं होती ते.
रिफ्कीच्या मोज्यांवर दुसऱ्या मजल्याची गॅलरी आली.
तो चहा आणायला गेला होता.
लोक त्याला कवटाळून म्हणाले, स्वस्तात सुटलास.
तो बघत होता समोरच्या इमारतीकडे,
म्हणजे जिथे ती असायची तिकडे.
त्याचा भाऊ इल्यास आत होता.

छत्तीस तास.
फटीतून एक बारीक नळी आत सोडली,
बाहेरच्या टोकाशी रिफ्की, हातात बाटली,
डॉक्टर सांगतील तेवढंच पाणी,
थेंब, मग थांब, मग थेंब.
कुणी त्याला उठवू शकलं नाही तिथून.

तंबूत सूप आलं तेव्हा बाईंना पाटी मागितली, फुकट अशी.
बाईंनी पुठ्ठा मांडीवर घेतला, बराच वेळ.
फुकट वाचलं की माणूस
हात पुढे करायच्या आधी खाली बघतो.
त्यांनी लिहिलं, घ्या.

इल्यास निघाला. डावा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.
त्यालाही लोक तेच म्हणाले, स्वस्तात सुटलास,
आणि म्हणता म्हणता गप्प झाले.

बाजार पुन्हा भरला त्या गुरुवारी
रिफ्की आला, नवीन माल, जुना टेम्पो.
बाईंनी न विचारताच लाल पेन काढलं.
"काळं," तो म्हणाला. "नुसता आकडा."
त्यांनी आकडा लिहिला.
त्यानं पाटी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली.
"स्वस्त तरी लिहा, बाई. विकायचे तर आहेतच."

बाईंनी लिहिलं. लहान अक्षरात, एकही उद्गारचिन्ह नाही.
डावीकडे पाण्याएवढी जागा कोरी राहिली,
तिथे तो नमुन्याचा मोजा टाचतो.
मागे स्टुलावर इल्यास बसलेला असतो,
ढिगातून जोड्या लावत,
दोन, दोन, दोन.