लहान इस्टेट

रेनो गेला मार्चमध्ये,
लेक सुपिरियर काठाशी अजून गोठलेलं होतं तेव्हा.
मृत्युपत्र नाही. ट्रकच्या कप्प्यात सापडली
टायरची पावती, खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पुडी
आणि माझा फोन नंबर. जुना. मी तो बदलून आठ वर्षं झाली.

बँकेतली मुलगी म्हणाली, आधी वकील गाठा, प्रोबेटचा.
डॉक्टर जसं 'स्पेशालिस्ट' म्हणतात तसं म्हणाली,
नजर टेबलावर ठेवून.

पहिला मार्क्वेटचा. फोनवरच त्याचं मीटर चालू.
'माझा भाऊ' म्हणताना माझा गळा दाटला,
तर ते थांबणंसुद्धा
सहा-सहा मिनिटांच्या हिशेबात पडत होतं कुठेतरी.
मी डोळे न पुसताच फोन ठेवला.

दुसरा भला माणूस. पण सरपणाच्या पैशांवरून
रेनोचा एकदा तंटा झाला होता,
तेव्हा हा समोरच्याचा वकील.
"मला हे काम घेता येणार नाही," म्हणाला,
आणि दारापर्यंत सोडायला येऊन, हळूच,
"फार हट्टी होता हो तुमचा भाऊ."
त्या आठवड्यात इतकं खरं कुणीच बोललं नव्हतं.

तिसरी मिस ट्रेगिअर, बेकरीच्या वर, लाकडी जिना.
बर्फाचे बूट खाली काढून
मोज्यांवरच चढले, कागदांचं खोकं पोटाशी धरून.
तिनं एकेक कागद उलगडला.
ट्रक. बोट, इंजिन नसलेली.
घर भाड्याचं, जमीन लाकूड कंपनीची.
खात्यातली शिल्लक.
कागदी पट्टीच्या गणकयंत्रानं खडखड केली
आणि लगेच गप्प झालं.
"एवढंच?"
"एवढंच."
"मग तुम्हाला वकील नकोच, बाई.
कायदा याला लहान इस्टेट म्हणतो.
एक फॉर्म आहे. खिडकीवर मिळेल. तुम्हीच भराल."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.
माझे कान तापले.
लहान?
खाण बंद पडल्यावर सगळे डेट्रॉइटला गेले,
हा एकटा राहिला, चोवीस हिवाळे.
बाजारात लोक भाव पाडून मागतात,
मला तो वाढवून मागावासा वाटला.
"आणि सौना?" मी म्हटलं. "त्यानं स्वतः बांधलेला.
भट्टीवरचे दगड काठावरून एकेक आणलेले,
घरी तापवून, पाणी मारून,
फुटतो का ते बघून मगच ठेवलेले.
ते कुठे धरलेत?"

"दगड धरत नाहीत."
चष्मा काढून तिनं पुसला. मग विचारलं,
"किती होते?"

मला माहीत नव्हतं.
सख्खी बहीण मी, आणि मला माहीत नव्हतं.

तिनं समासात पेन्सिलीनं 'दगड' लिहिलं,
पुढची जागा मोकळी ठेवली.
पैसे घेईना. मी घ्यायला लावले,
पावती मागितली, तीही पूर्ण नावानं:
रेनो योहान्नेस हाकाला यांची इस्टेट, एक तास.
'लहान' तिनं लिहिलं नाही.

शनिवारी गेले. दाराला बर्फ चिकटलेला,
फावड्यानं फोडावा लागला.
आत त्याचा पंचा खुंटीला, लाकडासारखा कडक.
खाली बसून मोजले, दोनदा.
एकशे सहा.
एक फुटका होता, भिंतीकडे तोंड करून लपवलेला.
तोही धरला.