नकाराचा रकाना

लघुवाद न्यायालयात एकतीस वर्षं टंकलेखन केलं,
म्हणून मला नीतिसमितीत घेतलं. पद: सामान्य व्यक्ती.
नियमच आहे, एक तरी सामान्य व्यक्ती हवी.
बाकी डॉक्टर, एक वकील, समाजशास्त्राच्या दोन बाई,
आणि मी. कलिन्यात दुसऱ्या मजल्यावर
पंख्याखालची खुर्ची, गार झालेला वडा, एकशे चौदा पानं.

प्रस्ताव रेवती चौबळचा.
ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या
बोटांची कातडी: फोटो, खरवड, पाच मिलिलिटर रक्त.
पोरगी हुशार. घशाला कोरड पडेपर्यंत बोलली.
जोखीम: किमान.
लाभ: समाजास.
समाज म्हणजे कोण, हे अध्यक्ष दुभाषांनी विचारलं नाही.
मीही नाही. मी मराठी संमतीपत्र वाचत होते,
ते माझ्या वाट्याचं.

"सहभागी व्यक्ती स्वेच्छेने कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकेल."
टायपिस्टला आधी चूक दिसते, मग अर्थ.
इथे एक काना इकडचा तिकडे नव्हता
आणि तरी ते वाक्य कुणाशीच बोलत नव्हतं.
मी मान डोलावली. मंजूर झालं.
हे मी लिहून ठेवते: मी मान डोलावली.

तीन महिन्यांनी तपासणीला आले चाळीस कागद.
चाळीस अंगठे.
कोर्टात मी हजारो अंगठे पाहिलेत,
भाडेकरूंचे, विधवांचे, एकदा एका पैलवानाचा.
हे तसले नव्हते. नुसते निळे डाग,
आत एक रेघ नाही, भोवरा नाही, शंख नाही.
वकील म्हणाले, हे ग्राह्य धरता येणार नाही.
रेवती म्हणाली, सर, बर्फानं आणि कवचानं
त्यांच्या बोटांना रेघाच उरलेल्या नाहीत.
तोच तर माझा विषय आहे.

कुणी वडा खाल्ला नाही त्या दिवशी.

पहाटे पाचला मी डॉकवर गेले, कुणी सांगितलं नव्हतं.
पाण्यात पाय, पाटीवर पाटी, हात थांबत नाहीत.
यल्लव्वा माझ्याकडे न बघता म्हणाली,
"सही? मुकादम उभा होता ना बाजूला.
तो म्हणाला लाव, लावला.
मागं एकजण रक्त घेऊन गेला, शीशीत.
काय निघालं त्याच्यात? सांगायला आला का?"
मग विचारलं, "नाही म्हणायचं असतं
तर कुठं लावायचा होता अंगठा?"

एकतीस वर्षं मी रिकाम्या जागा टाईप केल्या,
नाव, वय, धंदा, राहणार, टिंबांच्या ओळीच्या ओळी,
आणि मला दिसलं नव्हतं
की त्या कागदावर होकाराला जागा आहे, नकाराला नाही.

चाळीसही कागद रद्द झाले.
रेवती जिन्यात रडली. तिची शिष्यवृत्ती मार्चला संपत होती.
मी तिला पाणी दिलं, दुसरं काय देणार.
मग आम्ही दोघींनी बसून तो कागद पुन्हा लिहिला.
"माघार" खोडलं, "नको वाटलं तर उठून जा" लिहिलं.
"रक्तात काय निघालं ते तुम्हाला येऊन सांगू" लिहिलं,
तारखेसकट. मुकादम शंभर पावलं लांब.
आणि खाली दोन चौकोन, सारख्या मापाचे.
दुभाष म्हणाले, भाषा फार घरगुती झाली.
मी म्हटलं, सामान्य व्यक्ती आहे मी.

पहिला कागद यल्लव्वाचा आला.
तिनं अंगठा चांगला दाबून, शाई ओघळेपर्यंत,
दुसऱ्या चौकोनात लावला होता.
रेघ एकही नव्हती. पण या वेळी वकील काही बोलले नाहीत.

कारकून विचारतो, बाई, हा कुठे लावू?
संमतीच्या फायली आहेत, नकाराची नाही.
मी नवी फाईल मागून घेतली.
पाठीवर लिहिलं: नकार, भाग पहिला.
कपाटाला आठवडाभर कोळंबीचा वास होता.
शिपाई कुरकुरला. कुरकुरू दे.